आषाढातले वाळवंट

यंदाच्या आषाढातले तीन आठवडे आम्ही वाळवंटात काढले. हे वाचून वाचकांच्या भिवया वर चढल्या तर त्यांचा दोष नाही. कारण आमचे घर पेडण्यास, आणि आषाढातले पेडणे ज्याने पाहिले आहे त्याला पाण्यावाचून दुसरे काही आठवू नये. मळ्यांत गुडघाभर पाणी, परसातली विहीर काठोकाठ भरलेली, कौलांवरून उतरणाऱ्या पागोळ्यांचा रात्रंदिवस एकच सूर, आणि तिकडे तेरेखोलचे पात्र गढूळ होऊन फुगलेले. अशा दिवसांत आमच्या जेवणाच्या मेजावर लिबिया आणि ईजिप्त यांचा नकाशा पसरलेला होता. आणि ज्या मुलखात वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो त्या मुलखात बसून आम्ही दोघे, एक म्हातारा आणि एक पोर, पाण्याच्या पिंपांचा हिशेब मांडीत होतो.

हे पोर म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंचा नातू. तो इंग्लंडात शिकतो. सुट्टीत घरी येताना इतर मुले चॉकलेटे आणतात. ह्याने एक जाडजूड खोके आणले. त्यात घडीचा नकाशा, दोन फासे, नियमांची एक पुस्तिका आणि बोटाच्या पेराएवढे पुठ्ठ्याचे शेकडो चौकोनी तुकडे. नकाशावर मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे छापलेली होती. प्रत्येक तुकडा म्हणजे एक सैन्य. त्यावर एक आकडा त्याच्या बळाचा आणि दुसरा त्याच्या चालीचा. एकाने आपली सैन्ये हलवावी, शत्रूच्या शेजारी नेऊन भिडवावी, दोन्हीकडच्या बळाचे प्रमाण काढावे, फासा टाकावा आणि कोष्टकात पाहून निकाल लावावा, असा एकंदर प्रकार. विषय होता १९४० ते १९४२ या काळात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रज, इटालियन आणि जर्मन यांच्यामध्ये झालेल्या युद्धाचा.

पहिल्याच दिवशी एक अडचण उभी राहिली. आमच्याकडच्या दमट हवेने पुठ्ठ्याचे तुकडे फुगू आणि वाकू लागले. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी दोन्ही पक्षांची सैन्ये गोळा करून रात्रीपुरती कोरड्या तांदळाच्या डब्यात ठेवण्याची तोड काढली. जर्मन सेनापती रोमेल हे रोज रात्री आमच्या उकड्या तांदळांत मुक्काम करीत. मात्र जेवणाची वेळ झाली की त्यांचाही धीर सुटे, आणि त्या स्वयंपाकघरातून ओरडत, "जेवपाक मेज जाय, तुमची झूज भायर व्हरात!" मग आम्ही युद्ध जसेच्या तसे एका फळीवर उचलून ओसरीवर नेत असू. इतक्या सुलभपणे जगातली कोणतीच लढाई हलत नसेल.

पट मांडून युद्ध खेळणे ही काही आम्हांस परकी गोष्ट नव्हे. बुद्धिबळाचा उगमच मुळी चतुरंग सेनेत आहे. त्या पटावर आपल्या मराठीत उंट नावाचे मोहरे आहे. ते तिरपे धावते. लहानपणी आम्ही उंट असा फक्त पटावरच पाहिला होता, आणि हा प्राणी वाकडाच चालत असावा अशी आमची बरेच दिवस समजूत होती. नदीपलीकडे सावंतवाडीस गंजिफांची वर्तुळाकार रंगीत पाने होतात. दशावतारी गंजिफेच्या एकशेवीस पानांत प्रत्येक अवताराचा राजा आपल्या वजिरासह येतो. आणि वाघ-बकरीचा पट तर जमिनीवर कोळशाने ओढला तरी चालतो. पण या साऱ्या खेळांत सैन्याला भूक नसते. हत्ती दिवसभर उभा राहिला तरी चारा मागत नाही, आणि प्यादे कधी तहानेने मरत नाही.

पुठ्ठ्याच्या या नव्या खेळाची वंशावळ पोराने आम्हांस सांगितली ती अशी. प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ नावाच्या पितापुत्रांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ रचला. मुलाने त्याला १८२४ साली नेटके रूप दिले आणि तिथल्या सेनाप्रमुखांनी तो पाहून सैन्यात लागू केला. पुढे शंभरावर वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्‌स यांनी अशा खेळांची खोकी सामान्य लोकांसाठी विकावयास काढली. त्यांच्या अ‍ॅव्हलॉन हिल या संस्थेने १९६४ साली 'आफ्रिका कोअर' हा रोमेलच्या मोहिमेवरचा खेळ काढला, आणि तेव्हापासून हे वाळवंट जगभरच्या मेजांवर पसरले. वाळवंटच का, असे आम्ही विचारले. पोर म्हणाले, "आबा, तिथे गावे नाहीत, नद्या नाहीत, जंगल नाही. फक्त समुद्रकाठचा एक रस्ता आणि बाजूला मोकळे मैदान. पट म्हणूनच जणू ती भूमी तयार झाली आहे." उत्तर हुशारीचे होते. परंतु जी भूमी पटासारखी दिसते तिच्यावर माणसांना लपावयास जागा नसते, ही त्याची दुसरी बाजू त्या वेळी त्याच्याही ध्यानात आली नाही आणि आमच्याही.

याच मोहिमेवर रिचर्ड बर्ग यांनी १९७९ साली रचलेला एक खेळ तर या साऱ्यांचा भीष्मपितामह म्हणावा लागेल. त्याचा नकाशा सुमारे दहा फूट लांब, तुकडे दीड हजारांच्या वर, खेळणारे प्रत्येक बाजूस पाच, आणि संपूर्ण खेळ पुरा करण्यास लागणारा वेळ दीड हजार तास सांगतात. रोज दोन तास बसले तरी दोन वर्षे उलटावी! त्यात पेट्रोल उन्हाने उडून जाते त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. आणि इंग्रजांचे पातळ पत्र्याचे डबे गळके असत म्हणून त्यांची तूट जर्मनांहून अधिक धरलेली आहे. पण या खेळाची सर्वांत गाजलेली कलम पाण्याची. इटालियन सैनिक शेवया उकडून खातात, सबब त्यांच्या पलटणींना पाण्याचा जादा शिधा द्यावा, नाही तर त्यांचे बळ घटते, असा नियम त्यात छापलेला आहे. आमच्या पोराने तेवढा एक नियम हौसेने आपल्या लहान खेळास जोडला होता. तो ऐकून आम्ही पोट धरून हसलो. ते हसणे पुढे आमच्याच घशात अडकावयाचे होते.

खेळू लागल्यावर चार दिवसांत एक गोष्ट कळून चुकली. या युद्धात शौर्याला नव्हे, अंतराला मान आहे. ट्रिपोली बंदरापासून तोब्रुकपर्यंत समुद्रकाठाने सुमारे दीड हजार किलोमीटर पडतात. म्हणजे पेडण्याहून निघून मुंबई आणि अहमदाबाद मागे टाकावे आणि जोधपूर गाठावे इतके. या वाटेवर पेट्रोल वाहून नेणारी मोटारच त्यातले बरेचसे पेट्रोल पिऊन टाकते. म्हणून जो पक्ष जिंकत पुढे जातो तो आपल्या कोठारापासून दूर जाऊन दुबळा होतो, आणि जो हरत मागे सरतो तो आपल्या कोठाराजवळ येऊन बळावतो. इंग्रजांनी १९४० च्या डिसेंबरात सिदी बरानीपासून मुसंडी मारली ती दोन महिन्यांत सव्वा लाखाहून अधिक इटालियन कैद करून बेंगाझीच्याही पलीकडे पोहोचली. १९४१ च्या फेब्रुवारीत रोमेल ट्रिपोलीस उतरला आणि त्याने इंग्रजांना परत ईजिप्तच्या वेशीवर आणून सोडले. नोव्हेंबरात इंग्रज पुन्हा पुढे, जानेवारीत रोमेल पुन्हा पुढे. समुद्राच्या लाटेसारखी ही भरती-ओहोटी चालली, आणि तिच्या मधोमध तोब्रुकचे बंदर. ज्याच्या हाती ते बंदर, त्याची रसद जवळ.

रसदीचे हे शास्त्र आम्हांस अगदीच नवे होते असे नाही. आमचे मास्तरकीचे सारे आयुष्य डिचोलीस गेले. खाणींच्या भराच्या काळात शाळेच्या खिडकीसमोरून खनिजाने भरलेल्या ट्रकांची रांग दिवसभर सरकत असे. ते ट्रक नदीच्या धक्क्यावर रिकामे व्हायचे, तेथून बार्जी मांडवीने मुरगाव बंदराकडे. एक ट्रक वाटेत मोडला की मागची सारी रांग थांबे आणि धक्क्यावरची बार्ज भरतीची वेळ चुकवी. उन्हाळ्यात ती तांबडी धूळ आंब्याच्या पानांवर, मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर आणि आमच्या फळ्यावर बसे. आणि खाणींच्या मातीचे उघडे, झाडोरा नसलेले डोंगर दुपारच्या उन्हात असे दिसत की वाळवंट म्हणून मुलांना दाखवावयास आम्ही भूगोलाच्या तासाला तेच बोटाने दाखवीत असू. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा धूळ बसली आणि अनेक घरांच्या चुलीही थंडावल्या. सांगावयाचे ते इतकेच, की लांबलचक वाटेच्या एका टोकाला माल आणि दुसऱ्या टोकाला पोट असले म्हणजे काय होते, ते डिचोलीच्या माणसाला रोमेलने शिकवावयास नको.

खेळात आम्ही इंग्रजांच्या बाजूला होतो. आमच्या तुकड्यांत इंग्रजांचे, ऑस्ट्रेलियनांचे, न्यूझीलंडचे, दक्षिण आफ्रिकेचे असे नाना देशांचे तुकडे होते. आणि थोडे तुकडे हिंदुस्थानचे. त्यांपैकी एकावर बारीक अक्षरांत छापले होते : ११ वी हिंदी ब्रिगेड. तो तुकडा पहिल्यांदा हाती आला तेव्हा आम्ही तो दिव्याजवळ नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. त्या अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्यात तीन पलटणी होत्या : स्कॉटलंडचे कॅमेरॉन हायलँडर्स, गुरख्यांची एक पलटण, आणि तिसरी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, जिला तिचे शिपाई 'काळी पाचवी' म्हणत. आणि त्या काळ्या पाचवीत आमचे आप्पा होते.

आप्पा म्हणजे आमचे थोरले चुलते. ते गोव्याचे, म्हणजे त्या काळी पोर्तुगालचे प्रजाजन. इंग्रजांच्या फौजेशी त्यांचा संबंध येण्याचे कारण नव्हते. पण त्यांचे आजोळ तेरेखोल नदीच्या पैलतीरी, आरोंद्यास, सावंतवाडी संस्थानात. कोकणातून मराठा पलटणींत भरती होण्याची वहिवाट तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची. पहिल्या महायुद्धात याच पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढल्या होत्या. कूट येथे जनरल टाउनशेंड यांचे सैन्य वेढ्यात उपाशी राहून १९१६ च्या एप्रिलात शरण गेले, त्यात तीन पलटणी मराठ्यांच्या होत्या. इतके ऐकूनही पुढच्या पिढीची पोरे थांबली नाहीत; कारण घरची शेती एकाला पुरे आणि खाणारी तोंडे सहा. १९४० साली, विशीतले आप्पा होडीने नदी ओलांडून आजोळी गेले, मामांच्या ओळखीने आंबोलीचा घाट चढून बेळगावास पोहोचले आणि भरती झाले. घरी निरोप आला तो आठ दिवसांनी. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी माणसे अशी स्वखुशीने फौजेत गेली असे इतिहास सांगतो. त्या स्वखुशीत आप्पांसारख्यांची खुशी किती आणि निकड किती, याचे कोष्टक कोणत्याही खेळात नाही.

पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ होता. तटस्थ म्हणजे काय, तर मुरगावच्या बंदरात जर्मन आणि इटालियन गलबते आश्रयास उभी होती, आणि १९४३ च्या ९ मार्चच्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या काही इंग्रजांनी 'एरेनफेल्स' या जर्मन गलबतावर छापा घातला तेव्हा खलाशांनी आपणच ती गलबते बुडवली. युद्धाचा एवढाच धूर गोव्याच्या किनाऱ्यास लागला. पेडण्यास लागला तो निराळाच. १९४२ च्या जूननंतर आप्पांचे पत्र येईनासे झाले. आमची आजी रोज संध्याकाळी भगवतीच्या देवळात जाऊन बसे. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण ती तिथे कोणत्या खांबाशी बसे तो खांब पुढे आम्हांस दाखविण्यात आला होता.

आप्पा परत आले ते १९४५ च्या अखेरीस. आमचा जन्म १९५० चा; त्यामुळे आम्ही पाहिलेले आप्पा हे परत आलेले आप्पा. त्यांनी लग्न केले नाही. पहाटे उठावे, बागायतीत राबावे, संध्याकाळी ओसरीवर बसावे आणि विचारल्यावाचून बोलू नये असा त्यांचा क्रम. त्यांचे एकच वेड सर्वांच्या ध्यानात येई : पाणी. भर पावसाळ्यातदेखील ते तोंड धुण्यास एका पेल्याहून अधिक पाणी घेत नसत. पेल्यात उरलेला घोट ते फेकीत नसत. तो अबोलीच्या झाडाशी नेऊन ओतीत. आम्ही मुले विहिरीवर एकमेकांवर पाणी उडवीत असू तेव्हा ते रागावत नसत, फक्त उठून आत जात. कैदेविषयी त्यांनी सांगितलेली गोष्ट उभ्या जन्मात एकच. वाळवंटात पकडल्यावर उन्हात बसवून ठेवले होते. पहारेकरी इटालियन होते. पेडण्याच्या पोर्तुगीज इश्कोलात दोन यत्ता शिकलेले आप्पा त्यांच्यापुढे ओंजळ करून 'आग्वा, आग्वा' म्हणाले. इटालियनांत पाण्याला 'आक्वा' म्हणतात. त्या पहारेकऱ्याने अर्धा डबा पाणी दिले, आणि ते चौघांनी वाटून घेतले. "मास्तराच्या छड्या फुकट गेल्या नाहीत," एवढे बोलून ते हसत. कोणी आणखी खोदून विचारले तर म्हणत, "बाकीचे काय सांगावयाचे? वाळू होती."

आता जे लिहावयाचे ते लिहिताना लेखणी अडखळते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. आमचे वय अकराचे. साऱ्या गावात तिरंगे, सभा, भाषणे. पत्रादेवीच्या सीमेवर १९५५ साली गोळ्या झेलणाऱ्या सत्याग्रहींच्या कथा प्रत्येकाच्या तोंडी. त्या वाऱ्याने आम्हीही चढलो होतो. एके दिवशी ओसरीवर पाहुणे बसले असता, आप्पा लढाईत होते असा विषय निघाला, आणि आम्ही मोठ्या आवाजात विचारले, "पण आप्पा, तुम्ही हात वर केलेत ना? शूर माणसे हात वर करीत नाहीत." पाहुणे गप्प झाले. वडिलांनी आमच्या थोबाडीत दिली. आप्पा काहीच बोलले नाहीत. त्यांनी हातातला पेला उचलला, उरलेले पाणी नेहमीप्रमाणे अबोलीला घातले आणि ते बागायतीत निघून गेले. त्यानंतर ते एकवीस वर्षे जगले, आमच्यावर माया करीत राहिले. परंतु 'आग्वा'ची ती गोष्ट त्यांनी आमच्यासमोर पुन्हा कधी सांगितली नाही. आणि आम्हीही, पुढे मास्तर होऊन शेकडो मुलांना क्षमेचे धडे शिकवूनसुद्धा, त्यांची क्षमा मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असे करता करता १९८३ साली ते गेले.

ही हकीकत पोरास ठाऊक नव्हती. त्याच्या लेखी तो पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. खेळात १९४२ चा जून उजाडला. रोमेलने गझालाची फळी फोडली होती आणि आमची सैन्ये ईजिप्तकडे पळत सुटली होती. तोब्रुकमध्ये कोणाला ठेवावयाचे, हा आमच्यापुढचा प्रश्न. पोर प्रतिपक्षी असूनही आम्हांस शिकवीत होते. ते म्हणाले, "आबा, इथे एकदोन दुबळे तुकडे सोडून द्या. रोमेलला ते घेण्यात वेळ मोडावा लागेल, तोवर तुमचे बाकीचे सैन्य निसटेल. ह्याला बळी देणे म्हणतात." आणि त्याने ११ व्या ब्रिगेडवर बोट ठेवले.

आमचा हात त्या तुकड्यावर गेला, पण तो तिथे ठेववेना. आम्ही तो उचलला आणि ईजिप्तकडे नेला. तोब्रुक रिकामे राहिले. रोमेलने ते न लढता घेतले, बंदर आयते मिळाल्याने त्याची रसद चालती झाली, आणि पुढच्या चार खेळ्यांत तो अलेक्झांड्रियास पोहोचला. आम्ही हरलो. पोर चकित होऊन म्हणाले, "आबा, असे का केलेत?" तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि वीज गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही त्याला सारे सांगितले. थोबाडीत बसली तेही सांगितले.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने त्या मोहिमेचा इतिहास काढला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पट पुन्हा मांडला तो खेळावयास नव्हे, तर २० जून १९४२ चा दिवस जसा घडला तसा पाहावयास. तोब्रुकच्या आग्नेय बाजूस ११ वी ब्रिगेड होती, आणि रोमेलचा घाव नेमका मराठ्यांच्या फळीवर पडला. तटबंदीपुढचा खंदक वाळूने बुजत आला होता. आधीच्या वर्षी ऑस्ट्रेलियनांनी जे सुरुंग पेरून तो वेढा परतवला होता त्यांतले पुष्कळ उपसून गझालाच्या फळीवर नेलेले होते. पहाटेस विमानांचा मारा सुरू झाला, मागोमाग तोफा, आणि मग दोन जर्मन चिलखती डिव्हिजनांचे रणगाडे. रणगाड्यापुढे रायफल घेऊन उभ्या असलेल्या माणसाने काय करावे? दिवस मावळण्यापूर्वी रणगाडे बंदराला भिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या मुख्य सेनापतीने शरणागती दिली. सुमारे तेहेतीस हजार माणसे कैद झाली. हात वर करण्याचा हुकूम वरून आला होता. आणि तो येईपर्यंत काळी पाचवी चिरडली गेलेली होती.

हे सारे ग्रंथांत पूर्वीपासून छापलेले आहे. आम्ही मास्तर, वाचनाची आवड असणारे. तरी साठ वर्षांत ते उघडून पाहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. एका पोराने पुठ्ठ्याचे तुकडे मांडले तेव्हा ते दिसले. आप्पांच्या हातून जे घडले त्याचा निर्णय आप्पांचा नव्हताच. तो कोठल्या तरी मेजावर, कोणाच्या तरी बोटाखाली, आदल्या महिन्यातच झाला होता. आणि त्या मेजाशी बसलेला माणूस दुष्टच असेल असेही नाही; आमच्या पोरासारखाच तो हिशेबी आणि शहाणा असेल. त्याचा हिशेबही एकवेळ बरोबर असेल. आमचाच दयाळूपणा पटावर चुकीचा ठरला, हे आम्ही वर कबूल केलेच आहे.

म्हणून या खेळाची निंदा करावी असे आम्हांस वाटत नाही. तो लढाईचा डौल मिरवत नाही. उलट लढाई म्हणजे पेट्रोल, डबे, टायर आणि पाणी यांचा रुक्ष जमाखर्च आहे हे तो रोखठोक सांगतो. पण त्याची एक मर्यादा आहे. जो तुकडा हरतो तो उचलून खोक्यात ठेवतात आणि खेळ पुढे चालतो. आप्पांचे युद्ध त्यांना खोक्यात ठेवल्यावर सुरू झाले. इटलीच्या छावण्या, १९४३ च्या सप्टेंबरात इटली शरण आल्यावर जर्मनांचा पहारा, तीन वर्षांची थंडी आणि भूक, आणि मग पेडण्याची ओसरी. त्यांतले काहीच नकाशावर नाही. आणि शेवयांच्या पाण्याचा तो नियम? इटालियनांना जादा पाणी हवे, म्हणून आम्ही हसलो होतो. त्या जादा पाण्यातले अर्धा डबा पाणी एका इटालियनाने आपल्या वाट्यातून चार कैद्यांना दिले नसते, तर आप्पा परत आले असते की नाही, कोण सांगणार? दुसऱ्या खेपेस खेळताना इटालियनांच्या पाण्याची कपात करण्याची आमच्यावर पाळी आली, तेव्हा आम्ही ती केली नाही. पोरानेही नियम दाखविला नाही.

श्रावणाच्या तोंडावर तो परत गेला. जाण्यापूर्वी त्याने सारे तुकडे तांदळांतून वेचून, पुसून, खोक्यात नीट लावले. ११ वी ब्रिगेड तो आमच्यासाठी मागे ठेवू पाहत होता. आम्ही ती त्याच्याकडेच दिली. तिच्यावाचून त्याचा खेळ अपुरा राहिला असता, आणि ज्याच्या हाती पट आहे त्याच्याजवळच ती असणे बरे. पुढे कधी तो तिला तोब्रुकमध्ये ठेवील. ठेवणे भागच आहे. पण ठेवताना त्याचे बोट क्षणभर थांबेल एवढे आम्हांस पुरे.

भाद्रपदात पितृपंधरवडा आला. वडिलांच्या तिथीस आम्ही दरवर्षी तर्पण करतो. त्यात पितृव्य म्हणून आप्पांचे नाव येते, आणि भटजी म्हणतात त्या गतीने तीळ आणि पाणी बोटांवरून सुटते. यंदा त्यांच्या नावापाशी आम्ही थांबलो. भटजींनी वर पाहिले. आम्ही तांब्यातून पुन्हा पाणी घेतले, ओंजळ पूर्ण भरू दिली, आणि सावकाश सोडली. ताम्हन भरून पाणी पाटावर आले तरी आम्ही हात आवरला नाही. मग ते ताम्हनातले पाणी उचलून परसात नेले आणि अबोलीला घातले.